पांढरीपांडेकाकांना बिनविरोध चालत नसे

कुणी म्हटलं, 'कालचा कार्यक्रम सगळ्यांना आवडला,' की मधुकर पांढरीपांडे विचारत, 'किती विरुद्ध किती?' प्रश्न खोचक नसे. त्यांना खरोखरच आकडा हवा असे. घरी आलेल्या पाहुण्यांनी शैलाकाकूंच्या उपम्याचं कौतुक केलं तरी ते हेच विचारत. त्यावर काकू म्हणत, 'चार विरुद्ध एक. तो एक कोण ते मला माहीत आहे.' आणि त्यांच्या पुढ्यातली बशी उचलून नेत.

टेक्सासमधल्या प्लेनो गावात आम्ही २००३ साली राहायला गेलो तेव्हा काका साठीला आले होते. मूळचे नागपूरचे. जवळच्या एका टेलिकॉम कंपनीत त्यांनी गुणवत्ता तपासणीत बरीच वर्षं काढली होती. २००१ च्या मंदीत कंपनीने मजलेच्या मजले रिकामे केले, त्यात त्यांचाही मजला गेला. सर्वांना एका खोलीत बोलावून हा निर्णय सांगण्यात आला तेव्हा काकांनी हात वर करून 'यावर मतदान झालं का?' असं विचारलं, अशी गोष्ट त्यांचे जुने सहकारी सांगत. काकांकडे खातरजमा केली तर ते म्हणत, 'हात वर केला होता. बोलू दिलं नाही.'

उंच, किरकोळ बांधा. बाराही महिने अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आत खोचलेला. ज्या वसाहतीत लोक टपालपेटीपर्यंतही गाडीने जात तिथे ते रोज पायी फिरत आणि समोर एकच माणूस आला तरी नागपुरी उच्चारात 'हाऊ आर यॉल', म्हणजे 'तुम्ही सगळे कसे आहात', म्हणत. अमेरिकन शेजाऱ्यांनी त्यांच्या आडनावाचं 'मिस्टर पी' करून टाकलं होतं. काकांना ते मान्य नव्हतं. 'पांढरी, मग पांडे. मधे थांबा, श्वास घ्या, पुढे चला,' असं ते प्रत्येकाला शिकवत.

माझी बायको सॉफ्टवेअरमध्ये होती आणि तिच्या व्हिसावर मी अवलंबित होतो. मला काम करायची परवानगी नव्हती. त्याआधी मी पुण्याला एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. मराठी घरांतल्या जेवणावळींत लोक मला विचारत, 'मग दिवसभर करता काय?' काकांनी पहिल्या भेटीत विचारलं, 'निकालाच्या दिवशी आघाडीचे आकडे आणि अंतिम आकडे वेगळे ठेवायचे का रे तुम्ही?' ठेवायचो, असं सांगितल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हापासून ते मला 'पत्रकार' म्हणत, आणि जिथे कुठे मोजणी असेल तिथे मला सोबत नेत.

काकांच्या आयुष्यात एक इच्छा राहून गेली होती आणि ती त्यांनी कुणापासून लपवली नव्हती. त्यांना एक निवडणूक जिंकायची होती. पद कोणतंही चाललं असतं. अट एकच होती: समोर कुणीतरी उभं असलं पाहिजे, मतं पडली पाहिजेत आणि त्यांची जास्त निघाली पाहिजेत.

आमच्या मराठी मंडळात ही संधी मिळणं कठीण होतं. मंडळाची कार्यकारिणी दरवर्षी कुणाच्या तरी घरी, जेवणं झाल्यावर, सोफ्यावर ठरत असे. सर्वसाधारण सभेत नावं वाचली जात, टाळ्या पडत आणि अध्यक्ष म्हणत, 'बिनविरोध.' त्याच वेळी मागच्या रांगेतून काका उभे राहत. 'माझा अर्ज आहे.'

'काका, कशासाठी पण?' अध्यक्ष विचारत. 'कमिटीत यायचंय का? या ना. तुम्हाला घेतो. को-ऑप्ट करतो.'

'घेऊ नका. पाडा मला. पण मत घ्या.'

मग कागदाचे तुकडे शोधले जात, कुणाच्या तरी पर्समधून पेनं निघत, केटरिंगवाला तासभर खोळंबे आणि काका पडत. सभासदांना ते आवडत नव्हते असं नाही. पण पोटभर जेवण समोर दिसत असताना ज्याने निवडणूक लावली त्याला मत देण्याइतका मोठेपणा कुणाकडे नव्हता.

मंडळाच्या घटनेत एका कुटुंबाला एक मत होतं आणि ते सभासदत्वाच्या अर्जावर ज्याची सही त्याने द्यायचं होतं. पांढरीपांडे कुटुंबाच्या अर्जावर शैलाकाकूंची सही होती, कारण अर्ज भरायच्या दिवशी काका चष्मा विसरले होते. त्यामुळे काकांना स्वतःला मत देता येत नसे. एका वर्षी खजिनदारपदासाठी मोजणी झाली आणि काकांना शून्य मतं पडली. मोजणी मीच केली होती. घरी परतताना मी त्यांच्या गाडीत मागे बसलो होतो.

'शैला, तू कुणाला दिलं?' काकांनी विचारलं.

'गुप्त मतदान आहे ना?'

'शून्य पडल्यावर गुप्त काय राहिलं?'

'खजिनदार तुम्ही झाला असता, आणि दिवाळीच्या फराळाचा हिशेब कुणी केला असता? मीच ना? मी माझा विचार करून मत दिलं.' थोडं थांबून काकू म्हणाल्या, 'मतदाराने असंच मत द्यावं, असं तुम्हीच सांगता.'

काकांनी गाडी फ्रीवेवर घेतली. मग ते म्हणाले, 'तर्क बरोबर आहे.'

अमेरिकेतली प्रायमरी काकांना पाठ होती. इथे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाचे श्रेष्ठी जाहीर करत नाहीत. राज्याराज्यांत पक्षांतर्गत मतदान होतं, त्या मतांच्या प्रमाणात उमेदवारांना प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट मिळतात आणि ज्याचे डेलिगेट जास्त तो उमेदवार होतो. काका ज्या पक्षात होते तिथे साधारण पंधरा टक्क्यांहून कमी मतं पडली तर एकही डेलिगेट मिळत नाही. हे सगळं आम्हा मराठी लोकांच्या डोक्यात एका वाढदिवसाला शिरलं.

आमच्याच गल्लीतल्या एका मुलाचा वाढदिवस होता. चौदा मुलं, तीन पिझ्झा मागवायचे आणि कोणते यावर भांडण चाललेलं. यजमानीणबाईंनी चूक केली. त्यांनी काकांना म्हटलं, 'तुम्ही जरा बघता का?' काकांनी मतदान घेतलं. चीजला आठ, मशरूमला पाच, अननसाला एक. काकांनी निकाल जाहीर केला: चीजचे दोन पिझ्झा, मशरूमचा एक, आणि अननस पंधरा टक्क्यांच्या खाली असल्यामुळे बाद.

अननसवाली मुलगी रेवा, सात वर्षांची. तिने रडायला सुरुवात केली. काका गुडघ्यांवर बसले. 'रडू नको बेटा. तुझा उमेदवार गेला, मत नाही गेलं. तू आता दुसऱ्या गटात जाऊ शकते. पण फुकट जाऊ नको. काय देता ते विचार आधी.'

रेवाने डोळे पुसले आणि दोन्ही गटांना विचारलं. मशरूमवाल्यांनी तिला ट्रॅम्पोलिनवर पहिली पाळी देऊ केली. ती तिकडे गेली. काकांनी पुन्हा आकडे मांडले: आठ विरुद्ध सहा. पिझ्झा पूर्वीइतकेच, दोन आणि एक.

'सो व्हॉट डिड आय चेंज?' रेवाने विचारलं.

'आकडा बदलला. वाटा नाही बदलला.'

'देन आय वाँट माय व्होट बॅक.'

तिची आई पुढे महिनाभर काकांशी बोलली नाही. मात्र प्रायमरी म्हणजे काय हे त्या घरात पुन्हा समजावून सांगावं लागलं नाही.

टेक्सासमध्ये या सगळ्यावर आणखी एक मजला होता. दिवसा मतदान करायचं आणि मतदान संपल्यावर संध्याकाळी त्याच केंद्रावर परत जाऊन सभेला बसायचं. काही डेलिगेट मतांवरून ठरत, उरलेले या सभांतून सुरू होणाऱ्या साखळीतून. मोहल्ल्याची सभा पुढच्या विभागीय अधिवेशनासाठी प्रतिनिधी निवडे, ते अधिवेशन राज्याच्या अधिवेशनासाठी. प्लेनोत काकांचा पक्ष दुबळा होता, त्यामुळे या सभेला कुणी जात नसे.

२००४ साली काका गेले तेव्हा प्राथमिक शाळेच्या लायब्ररीत त्यांच्याशिवाय एकच व्यक्ती होती, डोरोथी नावाच्या ऐंशीच्या घरातल्या विधवा बाई. त्या विणकाम घेऊन आल्या होत्या. नियमाप्रमाणे आधी सभेचा अध्यक्ष निवडायचा होता. डोरोथीबाई म्हणाल्या, तुम्हीच व्हा. काकांनी नकार दिला. दोघांनी अर्ज केले, चिठ्ठ्या टाकल्या. काकांनी चिठ्ठ्या उलगडल्या: एक विरुद्ध एक. सौजन्य म्हणून प्रत्येकाने दुसऱ्याला मत दिलं होतं. फेरमतदान झालं. समोरचा पुन्हा आपल्यालाच मत देणार हे धरून, कोंडी फुटावी म्हणून, या वेळी दोघांनीही स्वतःला दिलं. पुन्हा एक विरुद्ध एक. तिसऱ्या फेरीआधी डोरोथीबाईंनी लोकर गुंडाळली. 'हनी, माझी मांजर उपाशी आहे,' असं म्हणून त्यांनी अर्ज मागे घेतला.

काका अध्यक्ष झाले. दोघं डेलिगेटही झाले, कारण जागा जास्त होत्या आणि माणसं दोनच. हे पद काकांनी आपल्या खात्यावर कधी धरलं नाही. मी एकदा आठवण करून दिली तेव्हा ते म्हणाले, 'ती निवडणूक नव्हती. हजेरी होती.'

मग २००८ उजाडलं. काकांच्या पक्षात दोन उमेदवार बरोबरीने चालले होते आणि टेक्सासची पाळी येईपर्यंत काहीच ठरलं नव्हतं. एरवी टेक्सासकडे कुणी बघत नसे. त्या मार्चमध्ये सगळा देश बघत होता. काका कोणाच्या बाजूचे होते हे इथे महत्त्वाचं नाही. त्यांनी ते ठरवताना घरात मतदान घेतलं होतं आणि काकूंनी भाग घेतला नव्हता.

ज्यांना नागरिकत्व मिळालं होतं अशा वसाहतीतल्या मराठी लोकांना काका फोन करू लागले.

'दिवसा मत द्या आणि संध्याकाळी परत या.'

'परत कशाला? एकदा दिलं ना काका?'

'ते प्रायमरीचं. संध्याकाळी सभा.'

'दोनदा मत? यार काका, आमच्याकडे याला बोगस मतदान म्हणतात. लोक बोटाची शाई पुसून जातात.'

'इथे शाई लावत नाहीत. म्हणून तर सांगतोय, न पुसता या.'

मतदानाच्या संध्याकाळी शाळेच्या कॅफेटेरियाबाहेर रांग लागली होती. रांग दारातून निघून पार्किंगला वळसा घालून रस्त्यापर्यंत आली होती. मला मत नव्हतं, पण सभा बघायला मनाई नव्हती; मी काका-काकूंसोबत गेलो. चार वर्षांपूर्वी जिथे दोन माणसं होती तिथली ही गर्दी काकांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाने मोजत पाहिली. मग म्हणाले, 'पत्रकार, इतक्या लोकांत कुणीतरी माझ्याविरुद्ध उभं राहीलच.'

रांगेत काका पुढेमागे फिरून नियम सांगत होते. काकू एका जागी उभ्या होत्या. त्या याच शाळेत दुपारच्या सुट्टीत मुलांच्या जेवणावर देखरेख करायला जात. दर दोन मिनिटांनी कुणीतरी 'मिस शैला' म्हणून त्यांना हाक मारत होतं. एका पोरसवदा दिसणाऱ्या बापाला त्या म्हणाल्या, तुमचा मुलगा गाजर खात नाही, तो ते शेजारच्याला देतो. बाप म्हणाला, घरी तर सांगतो संपवलं. हे संभाषण काकांनी ऐकलं. ते निवडणुकीशी संबंधित आहे असं त्यांना वाटलं नाही.

आत प्रत्येकाने आपलं नाव आणि उमेदवाराचं नाव नोंदवायचं होतं. नोंदणी संपली तेव्हा आकडा आला: एका बाजूला अठ्ठ्याण्णव, दुसऱ्या बाजूला पंचाहत्तर. आमच्या मोहल्ल्याला नऊ प्रतिनिधी होते. पाच आणि चार अशी विभागणी झाली. काकांनी ती कोणी सांगायच्या आधीच मनात करून ठेवली होती. मग दोन्ही गट दोन कोपऱ्यांत गेले. काका पंचाहत्तरांच्या कोपऱ्यात उभे राहिले आणि वळून बघतात तो काकू त्याच कोपऱ्यात.

'तू आमच्या बाजूची?' काका हरखले. 'मला बोलली नाही कधी.'

'तुमच्या नाही,' काकू म्हणाल्या. 'उमेदवाराच्या.'

गटाचं काम शाळेचे व्यायामशिक्षक बघत होते. गळ्यात शिट्टी होती, ती त्यांनी दोनदा वाजवली. तीन नावं लगेच पुढे आली. पहिलं खुद्द त्यांचं, दुसरं एका नर्सचं, तिसरं एका तरुण वकिलाचं. चौथ्या जागेवर घोडं अडलं. मुलं कडेवर झोपली होती, लोक घड्याळाकडे बघत होते. शिक्षकांनी काकांकडे बोट केलं. 'मिस्टर पी, नियम तुम्हाला येतात. तुम्ही चौथे. सगळ्यांना मान्य?'

पंचाहत्तरांतले उरलेसुरले पन्नासेक लोक 'आय', म्हणजे 'मान्य', म्हणून ओरडले. काका डेलिगेट झाले होते. बिनविरोध.

'नो,' काका म्हणाले. 'आय डोंट अ‍ॅक्सेप्ट.'

काकांनी समजावून सांगितलं की दुसरा उमेदवार असल्याशिवाय ही निवड त्यांना स्वीकारता येत नाही. शिक्षकांनी विचारलं, मग दुसरं कुणी तयार आहे का? कुणी नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, देवासाठी तरी या माणसाला कुणीतरी हो म्हणा. काका चारही बाजूंना बघत होते. मग त्यांची नजर काकूंवर थांबली. ते मराठीत बोलले.

'शैला, तू उभी राहा.'

'मी कशाला?'

'डमी म्हणून. आपल्याकडे नाही का, नवऱ्याचा अर्ज असला की बायकोचा एक भरून ठेवतात. समोर नाव पाहिजे फक्त.'

'आणि मग मागे घ्यायचं?'

'मागे घेतलं तर पुन्हा बिनविरोध होईल. मत होऊ दे.'

'पडेन ना मी?'

काकांनी हॉलवर नजर फिरवली. 'पडशीलच,' ते म्हणाले.

दोघांना एकेक मिनिट बोलायला दिलं. काका आधी बोलले. त्यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचं तत्त्व सांगितलं, पंधरा टक्क्यांची मर्यादा सांगितली आणि अपूर्णांकांचं काय करतात इथवर आले तेव्हा शिट्टी वाजली. काकू इंग्रजीत बोलल्या. त्यांच्या बोलण्याचा गोषवारा असा: 'मी जाईन. तिथे काय झालं ते परत येऊन सांगेन. तुमच्या मुलांना आता घरी नेऊन झोपवा, उद्या शाळा आहे.'

हात वर करून मतदान झालं. हा मतदार नसल्यामुळे तटस्थ आहे, असं सांगून काकांनीच मला मोजायला लावलं. काकूंना एक्केचाळीस पडली. मग काकांसाठी हात वर झाले. ते मोजायला अवघड नव्हते.

'किती विरुद्ध किती?' काकांनी विचारलं.

'एक्केचाळीस विरुद्ध नऊ.'

त्यांनी फेरमोजणी मागितली. शिक्षकांनी छताकडे बघितलं. फेरमोजणीत बेचाळीस विरुद्ध नऊ झाले, कारण एक बाई तेवढ्यात बाथरूमहून परत आल्या होत्या. काकांनी शर्ट नीट केला, काकूंसमोर गेले आणि हात पुढे केला. 'अभिनंदन, मिसेस पांढरीपांडे.'

'बरं बरं,' काकू म्हणाल्या. 'चला आता.'

काकांना राखीव प्रतिनिधी केलं गेलं. तो निर्णयही टाळ्यांनी झाला, पण त्यांनी हरकत घेतली नाही. गाडीकडे जाताना ते मागे राहिले आणि हळूच मला विचारलं, 'त्या नऊ जणांत ती होती का रे?'

'होती.'

'दोन्ही वेळा?'

'दोन्ही वेळा.'

गाडी काकूंनी चालवली.

पुढचे दोन-तीन आठवडे टेक्सासचे आकडे येत राहिले आणि ते काकांशिवाय कुणालाच कळले नाहीत. राज्यात मतं एका उमेदवाराला जास्त पडली होती आणि डेलिगेट दुसऱ्याला जास्त मिळणार असं दिसत होतं. भारतीय किराणा दुकानात भेंडी निवडताना आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी काकांना गाठलं.

'काका, एक सांगा. टेक्सास जिंकलं कोणी?'

'कशात?'

'कशात म्हणजे? निवडणुकीत.'

'मतांत एक जिंकलं. डेलिगेटांत दुसरं जिंकेल.'

'असं कसं? ज्याला मतं जास्त तो हरला?'

'हरला नाही. तोही जिंकला.'

'मग हरलं कोण?'

काकांनी एक भेंडी मोडून बघितली, कोवळी निघाली, पिशवीत टाकली. 'मी,' ते म्हणाले. 'बेचाळीस विरुद्ध नऊ.'

पराभवाचा आकडा ते असा कुणालाही सांगत. त्यात रड नव्हती. उलट, ही त्यांची सर्वांत चांगली निवडणूक होती असं त्यांचं मत होतं. मोठा मतदारसंघ, खुली लढत, फेरमोजणी. फक्त निकाल हवा तसा नव्हता. आता पासष्टी जवळ आली होती आणि पुढची अशी संधी चार वर्षांनी येणार होती. 'चार वर्षांनी पुन्हा इतके लोक येतील असं वाटतं तुला?' असं त्यांनी मला एकदा विचारलं. मी म्हणालो, सांगता येत नाही. ते म्हणाले, 'येणार नाहीत. मी आणि डोरोथी असू. डोरोथी असली तर.'

विभागीय अधिवेशन मार्चच्या अखेरीस एका मोठ्या सभागृहात भरलं. आमचं तेव्हा टेक्सास सोडायचं ठरलं होतं. बायकोला सिएटलजवळच्या बॉथेलमध्ये नोकरी मिळाली होती आणि घरात खोकी भरून तयार होती. तरी काकांनी मला नेलं. खाली सपाट जागेवर खुर्च्या, प्रत्येक मोहल्ल्याची पाटी लावलेली. तिथे फक्त प्रतिनिधी बसणार. कडेच्या पायऱ्यांवर राखीव प्रतिनिधी आणि माझ्यासारखे बघे. ओळखपत्रांची रांग इतकी लांब होती की अर्धी सकाळ तिच्यातच गेली. काका माझ्या शेजारी पायरीवर बसले. खाली काकूंनी पर्समधून स्वेटर काढून खांद्यावर घेतला, नर्सबाईंशी बोलू लागल्या. काका तिकडे बघत होते.

काही वेळाने व्यायामशिक्षक पायऱ्यांपाशी आले. वकिलाचा मुलगा आजारी पडला होता, तो येणार नव्हता. एक खुर्ची रिकामी होती. 'मिस्टर पी, खाली या. जागा तुमची.'

काका उठले नाहीत. 'कुणी ठरवलं?'

'मी ठरवलं. तुम्ही राखीव आहात, तो आला नाही, तुम्ही या.'

'राखीव आणखीही आहेत. हजर असलेल्या तिघा प्रतिनिधींनी ठरवायला पाहिजे. मतदान घ्या.'

शिक्षकांच्या गळ्यात आज शिट्टी नव्हती. त्यांचा हात सवयीने तिकडे गेला आणि परत आला. ते काकांना घेऊन पायऱ्या उतरले. मीही मागोमाग कठड्यापर्यंत गेलो. कठड्याच्या पलीकडे काकांच्या गटाचे तिन्ही हजर प्रतिनिधी उभे राहिले: शिक्षक, नर्स आणि काकू. काका कठड्याच्या अलीकडे, हात मागे बांधून.

शिक्षक म्हणाले, मिस्टर पी यांना बसवायला माझी संमती आहे. नर्सबाईंनी मान हलवली, अर्थातच. दोघांनी काकूंकडे बघितलं. नर्सबाई खुर्चीवरची आपली पर्स उचलून जागा करायलाही लागल्या होत्या.

'नो,' काकू म्हणाल्या.

नर्सबाईंना वाटलं की काकूंना प्रश्न कळला नाही. त्यांनी तो सावकाश पुन्हा विचारला.

'कळलं मला,' काकू इंग्रजीत म्हणाल्या. 'माझं मत विरोधात लिहा.'

शिक्षकांनी एकदा काकूंकडे, एकदा काकांकडे बघितलं. त्यांना हा नवराबायकोचा खाजगी मामला वाटला असावा. ते खाली बघत, जरा घाईने म्हणाले, 'ठीक. दोन विरुद्ध एक. मंजूर.'

काकांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी नेमकं सांगू शकत नाही, कारण त्यांनी लगेच चष्मा काढून पुसायला घेतला. पुसून झाल्यावर त्यांनी शिक्षकांचे आभार मानले, नर्सबाईंचे मानले. मग काकूंसमोर उभे राहून म्हणाले, 'आपल्या मताचा मी आदर करतो.'

'हो. बसा आता,' काकू म्हणाल्या. 'ती स्वेटरवाली खुर्ची माझी आहे.'

मी पायरीवर परतलो. दुसऱ्या दिवशी आमचा खोक्यांचा ट्रक येणार होता, त्यामुळे मला लवकर निघायचं होतं. मी दाराशी पोहोचलो तेव्हा व्यासपीठावरून अध्यक्षबाई सांगत होत्या की ओळखपत्रांचं काम अजून संपलेलं नाही, तर सभा जेवणासाठी तहकूब करावी असा ठराव आहे. बाजूने कोण? सभागृहातली सगळी माणसं एका आवाजात ओरडली. लोक उठूनही उभे राहिले. विरोधात कोण, असं अध्यक्षबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हातोडा उचलला.

तेवढ्यात त्या थांबल्या. शेकडो डोक्यांच्या पलीकडे, आमच्या मोहल्ल्याच्या पाटीखाली, अर्ध्या बाह्यांचा एक हात सरळ वर गेला होता. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर काकूंनी डबा मांडीवर उघडला होता आणि नर्सबाईंना त्या एक पोळी देत होत्या.